विश्लेषण : प्रचाराचे बिंग फोडणारी ‘अॅनिमल फार्म’ स्वतःच प्रचाराचे हत्यार कशी बनली?

शेतावरची जनावरे मालकाला हाकलून देतात आणि काही वर्षांतच त्यांच्यातली डुकरे नवे मालक होऊन बसतात. एवढीच ही गोष्ट. पण १७ ऑगस्ट १९४५ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोटेखानी कादंबरीच्या वाट्याला आलेला प्रवास तिच्या कथानकाइतकाच चमत्कारिक आहे. ब्रिटनच्या नामवंत प्रकाशकांनी ती नाकारली. जर्मनीत अमेरिकी लष्कराने तिच्या प्रती जप्त केल्या. सोव्हिएत संघात ती १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत उघडपणे मिळत नव्हती. आणि लेखकाच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या ‘सीआयए’ने तिच्यावरील चित्रपटाला गुपचूप पैसा पुरवला, ज्यात शेवटच बदललेला होता. सत्ता आणि प्रचारावरची ही गोष्ट स्वतः प्रचारात कशी ओढली गेली, याचा हा आढावा.

गोष्ट नेमकी काय आहे?

इंग्लंडमधील एका शेताचा मालक जोन्स हा दारुडा आणि निष्काळजी. ‘ओल्ड मेजर’ हे म्हातारे डुक्कर मरण्याआधी सगळ्या जनावरांना गोठ्यात बोलावून एक स्वप्न सांगते : आपल्या कष्टाचे फळ माणूस खातो, तो गेला की आपण सुखी होऊ. काही महिन्यांनी उपाशी ठेवलेली जनावरे खरोखरच बंड करतात आणि जोन्सला पळवून लावतात. भिंतीवर सात नियम रंगवले जातात. त्यांचा गाभा एकच, सगळी जनावरे समान.

त्यानंतर घसरण सुरू होते ती अगदी हळू. आधी गायींचे दूध गायब होते. मग सफरचंदे. पुढे ‘नेपोलियन’ हे डुक्कर आपल्या ताकदवान प्रतिस्पर्ध्याला, ‘स्नोबॉल’ला, कुत्रे अंगावर सोडून हुसकावते. हे कुत्रे कुठून आले? पिल्ले असतानाच ‘शिक्षणा’च्या नावाखाली नेपोलियनने त्यांना आयांपासून तोडून माळ्यावर वाढवलेले असते. शेवटी डुकरे माणसांच्या घरात राहतात, दारू पितात, दोन पायांवर चालतात आणि शेजारच्या शेतमालकांसोबत पत्ते खेळतात. खिडकीतून पाहणाऱ्या जनावरांना डुक्कर कोणते आणि माणूस कोणता, हे ओळखता येत नाही.

कोण कोणाचे रूपक?

ऑर्वेल यांनी इथे फारसे झाकून ठेवलेले नाही. जोन्स म्हणजे रशियाचा झार दुसरा निकोलस. ओल्ड मेजरमध्ये मार्क्स आणि लेनिन दोघांची छाया आहे. त्याची कवटी पुढे ध्वजस्तंभाच्या पायथ्याशी एका खुंटावर मांडून जनावरांना तिच्यासमोरून अदबीने चालायला लावतात, तेव्हा मॉस्कोतील लेनिनचा जतन केलेला मृतदेह आठवतो. नेपोलियन म्हणजे स्टालिन आणि स्नोबॉल म्हणजे १९२९ मध्ये देशाबाहेर काढलेला ट्रॉट्स्की. पवनचक्कीचा अट्टहास म्हणजे पंचवार्षिक योजनांचे औद्योगिकीकरण. अंडी द्यायला नकार देणाऱ्या कोंबड्यांचे बंड म्हणजे सक्तीच्या सामूहिक शेतीला झालेला विरोध. भर सभेत न केलेले गुन्हे कबूल करून जागीच मारली जाणारी जनावरे म्हणजे १९३६ ते १९३८ मधील मॉस्कोचे खटले. फ्रेडरिक या शेजाऱ्याशी केलेला लाकडाचा सौदा आणि त्याने हाती दिलेल्या खोट्या नोटा हा ऑगस्ट १९३९ चा हिटलर-स्टालिन करार. पत्त्यांचा डाव म्हणजे १९४३ ची तेहरान परिषद, जिथे स्टालिन, चर्चिल आणि रूझवेल्ट एकत्र बसले होते.

यातला एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पवनचक्की उडवली जाते तेव्हा नेपोलियनसह सगळी जनावरे जमिनीवर पालथी पडतात, असे मूळ हस्तलिखितात होते. छपाईआधी ऑर्वेल यांनी ते बदलून नेपोलियन सोडून बाकी सगळी असे करायला सांगितले. कारण जर्मन फौजा दाराशी आल्या असतानाही स्टालिन मॉस्को सोडून गेला नव्हता. ज्याच्यावर सर्वांत कठोर टीका करायची, त्याच्यावरही खोटा आरोप करायचा नाही, एवढी ही काळजी.

ऑर्वेल यांना हे का लिहावेसे वाटले?

जॉर्ज ऑर्वेल यांचे खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म २५ जून १९०३ चा, आताच्या बिहारमधील मोतिहारीचा. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात होते. एरिक लहान असतानाच आई त्यांना घेऊन इंग्लंडला परतली. पुढे १९२२ ते १९२७ अशी पाच वर्षे त्यांनी ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून काढली. सत्ता आतून कशी दिसते, हे त्यांनी तिथे पाहिले.

पण ‘अॅनिमल फार्म’चे बीज आहे स्पेनमध्ये. डिसेंबर १९३६ मध्ये ऑर्वेल फॅसिस्टांविरुद्ध लढायला बार्सिलोनात पोहोचले आणि ‘पीओयूएम’ या छोट्या मार्क्सवादी पक्षाच्या सशस्त्र दलात दाखल झाले. मे १९३७ मध्ये आघाडीवर त्यांच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. ते वाचले, पण बरे होऊन परततात तर त्यांच्याच पक्षावर बंदी आलेली. मॉस्कोच्या पाठिंब्यावर चालणाऱ्या कम्युनिस्टांनी या पक्षाला फॅसिस्टांचे हस्तक ठरवले होते. कालपर्यंत खंदकात शेजारी बसलेली माणसे तुरुंगात होती. ऑर्वेल आणि त्यांची पत्नी आयलीन कसेबसे सीमा ओलांडून फ्रान्सला निसटले.

त्यांना धक्का बसला तो इंग्लंडला परतल्यावर. जे आपण डोळ्यांनी पाहिले त्याच्या नेमके उलटे वृत्तपत्रांत छापून येत होते आणि सुशिक्षित, सज्जन माणसे त्यावर विश्वास ठेवत होती. त्यांनी स्पेनच्या अनुभवावर लिहिलेल्या ‘होमेज टू कॅटलोनिया’च्या (१९३८) जेमतेम दीड हजार प्रती छापल्या गेल्या आणि त्याही त्यांच्या हयातीत संपल्या नाहीत. सरळ सांगून लोक ऐकत नाहीत, हा धडा त्यांना मिळाला होता.

मग गोष्टीचे रूप कुठून आले? ऑर्वेल यांनीच नंतर सांगितले आहे की, एका खेड्यात त्यांनी दहाएक वर्षांचा मुलगा अरुंद वाटेवरून एका प्रचंड घोड्याला चाबकाने हाकताना पाहिला. या जनावरांना आपल्या ताकदीची जाणीव झाली तर आपले त्यांच्यावर काहीच चालणार नाही, असे त्यांच्या मनात आले. श्रीमंत कामगारांना राबवतात तसेच माणूस जनावरांना राबवतो, या एका विचारावर अख्खी कादंबरी उभी राहिली.

यात मराठीचा संबंध कुठे येतो?

ही पुस्तकाआधीची दोन वर्षे आहेत. ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ या काळात ऑर्वेल ‘बीबीसी’च्या पूर्व सेवेत होते आणि त्यांचे काम भारतासाठी कार्यक्रम करण्याचे होते. युद्धाच्या घडामोडींवर ते इंग्रजीत जी वार्तापत्रे लिहीत, त्यांतील काही मराठी, गुजराती, बंगाली आणि तमिळमध्ये भाषांतरित होऊन प्रसारित व्हायची. थोडक्यात, ‘अॅनिमल फार्म’ लिहिण्याआधी हा लेखक मराठी श्रोत्यांसाठी सरकारी युद्धप्रचाराचा मजकूर लिहीत होता. कोल्हापूर परिसरात जन्मलेल्या वेणू चितळे या तिथे त्यांच्या सहकारी होत्या.

१९४२ मधील ‘व्हॉइस’ या काव्यविषयक नभोवाणी कार्यक्रमाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात ध्वनिक्षेपकाभोवती वेणू चितळे, मुल्कराज आनंद, ऑर्वेल आणि कवी टी. एस. एलियट एकत्र दिसतात. यातले एलियट पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहेत, पण वेगळ्या भूमिकेत.

सरकारी प्रचार करण्याचे हे काम वाया गेल्यासारखे वाटून ऑर्वेल यांनी नोकरी सोडली आणि त्याच महिन्यात, नोव्हेंबर १९४३ मध्ये, ‘अॅनिमल फार्म’ लिहायला घेतली. फेब्रुवारी १९४४ मध्ये ती पूर्ण झाली.

प्रकाशकांनी ती का नाकारली?

तारखा पाहा. सोव्हिएत संघ तेव्हा ब्रिटनचा मित्रदेश होता. स्टालिनग्राडमधील विजयानंतर लाल सेनेचे लंडनमध्ये मनापासून कौतुक सुरू होते. अशा वेळी स्टालिनला डुक्कर म्हणणारे पुस्तक कोण छापणार?

डाव्या विचारांचे व्हिक्टर गोलांझ यांनी ते नाकारले. जोनाथन केप यांची आधी तयारी होती, पण माहिती मंत्रालयातील एका अधिकाऱ्याचा सल्ला घेतल्यावर त्यांनी माघार घेतली. गोष्ट सर्वसाधारण हुकूमशहांबद्दल असती तर चालले असते, पण ती फक्त रशियालाच लागू पडते आणि त्यातही राज्यकर्ते म्हणून डुकरे दाखवणे जास्त झोंबेल, असे त्यांचे म्हणणे. हा अधिकारी पीटर स्मॉलेट असावा असे मानले जाते. तो सोव्हिएत हेर होता, हे नंतर उघड झाले.

मग हस्तलिखित ‘फेबर अँड फेबर’कडे गेले. तिथे संचालक होते तेच एलियट. जुलै १९४४ मध्ये त्यांनी लेखनाची तारीफ करून पुस्तक परत पाठवले. डुकरे इतरांपेक्षा हुशार असल्याने शेत चालवायला तीच योग्य, प्रश्न फक्त अधिक लोकहितदक्ष डुकरांचा आहे, अशा आशयाचा त्यांचा आक्षेप होता. मधल्या काळात जर्मनीच्या उडत्या बॉम्बने ऑर्वेल यांचे राहते घर उद्ध्वस्त केले. ढिगाऱ्यातून वाचलेले, चुरगळलेले हस्तलिखितच एलियट यांच्याकडे गेले होते.

अखेर ‘सेकर अँड वॉरबर्ग’ने धाडस केले. पहिली आवृत्ती साडेचार हजार प्रतींची होती आणि ती पाहता पाहता संपली. या पुस्तकासाठी ऑर्वेल यांनी लिहिलेली एक प्रस्तावना मात्र छापली गेली नाही. ती १९७२ मध्ये उजेडात आली. त्यात त्यांचा मुद्दा असा की, इंग्लंडमध्ये सरकारला बंदी घालावीच लागत नाही. आता हे बोलणे बरे दिसत नाही, असे सगळ्यांना वाटले की नकोशी मते आपोआप गप्प होतात.

स्क्विलरची प्रचारयंत्रणा कशी चालते?

कादंबरीतले सर्वांत धोकादायक पात्र नेपोलियन नसून ‘स्क्विलर’ आहे, असे म्हणता येईल. नेपोलियनकडे कुत्रे आहेत, पण रोज कुत्रे सोडता येत नाहीत. रोजचे काम स्क्विलर करतो. त्याच्या पद्धती मोजक्या आहेत.

पहिली, भीती. कोणी प्रश्न विचारला की तो एकच उलट प्रश्न करतो : जोन्स परत यायला हवा आहे का? दुसरी, त्यागाचा आव. दूध आणि सफरचंदे डुकरांना आवडतात म्हणून नव्हे, तर शेत चालवण्याच्या बौद्धिक कामासाठी नाइलाजाने खावी लागतात, असे तो समजावतो. तिसरी, आकडे. पोट रिकामे असले तरी उत्पादन किती पटींनी वाढले याची यादी तो वाचून दाखवतो. चौथी, कायमचा शत्रू. वादळात पवनचक्की पडली तरी दोष पळून गेलेल्या स्नोबॉलचा. पाचवी, गोंगाट. चर्चा रंगात आली की मेंढ्या एकच घोषणा देत राहतात आणि बोलणारा आपोआप थांबतो.

पण सर्वांत मोठे हत्यार आहे भिंतीवरचे नियम बदलण्याचे. डुकरे पलंगावर झोपू लागली की पलंगाच्या नियमात चादरीचा उल्लेख दिसू लागतो. दारू सुरू झाली की दारूबंदीच्या नियमाला ‘अति’ हा शब्द चिकटतो. एका रात्री स्क्विलर शिडीवरून कोसळतो, शेजारी कंदील आणि रंगाचा डबा सांडलेला असतो. तरीही बहुतेक जनावरांना काही उमगत नाही. नियम पूर्वी वेगळा होता असे त्यांना पुसटसे आठवते, पण भिंतीवर तर असे लिहिले आहे. मग चूक आपल्या आठवणीचीच असणार.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे यावर एक साधा उपाय असतो. कोणती ओळ कोणी, कधी बदलली, आधी ती काय होती, याची नोंद आपोआप राहते. व्हॉट्सअॅपवरही संदेश दुरुस्त केला की खाली तशी खूण दिसते. शेतावरच्या भिंतीला अशी नोंदच नव्हती. रंगाचा डबा एकाच्या हाती, वाचता येणारे मोजके आणि जुनी प्रत कोणाकडेच नाही. इतक्या भांडवलावर भूतकाळ बदलता येतो.

‘बॉक्सर’ या घोड्याचा शेवट याच यंत्रणेचा कळस आहे. आयुष्यभर राबलेला, आणखी कष्ट करू हा मंत्र जपणारा हा घोडा कोसळतो, तेव्हा त्याला दवाखान्यात नेतो असे सांगून खाटकाच्या गाडीत घालतात. गाडीवरची अक्षरे वाचली जातात तेव्हा उशीर झालेला असतो. स्क्विलर नंतर सांगतो की, गाडी पूर्वी खाटकाची होती, डॉक्टरने ती विकत घेतली, फक्त जुने नाव पुसायचे राहिले. जनावरांना हायसे वाटते. घोड्याच्या पैशातून डुकरांसाठी दारूची पेटी येते.

मग ही गोष्टच प्रचाराचे हत्यार कशी बनली?

१९४७ मध्ये जर्मनीतील निर्वासित छावण्यांतल्या युक्रेनियन वाचकांसाठी भाषांतर निघाले. ऑर्वेल यांनी मानधन न घेता त्याला खास प्रस्तावना लिहून दिली. पण त्यातल्या सुमारे दीड हजार प्रती अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांनी ताब्यात घेऊन सोव्हिएत प्रतिनिधींच्या हवाली केल्या. मैत्रीचे अवशेष अजून शिल्लक होते.

शीतयुद्ध तापले आणि चित्र उलटले. २१ जानेवारी १९५० रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी ऑर्वेल क्षयाने गेले. त्यानंतर ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या ‘इन्फर्मेशन रिसर्च डिपार्टमेंट’ या गुप्त प्रचार विभागाने कादंबरीची चित्रपट्टी काढून घेतली आणि ती अनेक देशांतील वृत्तपत्रांना पुरवली. १९५४ मध्ये जॉन हलास आणि जॉय बॅचलर या दाम्पत्याने तिच्यावर पूर्ण लांबीचा व्यंगचित्रपट केला. त्यामागचा पैसा ‘सीआयए’चा होता, हे बऱ्याच वर्षांनी बाहेर आले.

बदल झाला तो शेवटात. पुस्तकात डुक्कर आणि माणूस सारखेच दिसू लागतात, म्हणजे दोन्ही बाजू एका माळेचे मणी ठरतात. चित्रपटात माणसे दृश्यातून गाळली गेली आणि जनावरे डुकरांविरुद्ध पुन्हा उठाव करतात. परिणाम असा की, दोष फक्त डुकरांचा उरला आणि पत्त्याच्या डावातला दुसरा भिडू सुटला. भिंतीवरच्या नियमांचे जे झाले, तेच नियमांवरच्या गोष्टीचे झाले.

ऑर्वेल यात पूर्णपणे निर्दोष होते, असेही नाही. मे १९४९ मध्ये आजारी असताना त्यांनी याच ब्रिटिश विभागाला ३८ जणांच्या नावांची यादी दिली होती. कम्युनिस्टांकडे कल असल्याने ही माणसे सरकारी प्रचारलेखनासाठी विश्वासार्ह नाहीत, असे त्यांचे मत होते. ही यादी २००३ मध्ये जाहीर झाली आणि तिच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

ऑर्वेल क्रांतीच्या विरोधात होते का?

‘बघा, समतेची स्वप्ने अशीच संपतात’ हा या पुस्तकाचा सर्वांत सोपा अर्थ आहे. स्वतःला शेवटपर्यंत लोकशाही समाजवादी म्हणवणाऱ्या ऑर्वेल यांना तो मान्य नव्हता. १९४६ च्या अखेरीस अमेरिकी लेखक ड्वाइट मॅकडोनाल्ड यांना त्यांनी पत्रातून खुलासा केला. कथेला कलाटणी मिळते ती डुकरे दूध आणि सफरचंदे स्वतःसाठी ठेवतात तेव्हा. त्याच वेळी इतर जनावरांनी पाय रोवले असते, तर पुढचे टळले असते. जनता जागी असेल आणि काम झाल्यावर नेत्यांना घरी पाठवणे तिला जमत असेल, तरच क्रांतीतून काही हाती लागते, असे त्यांचे सांगणे होते.

आपल्याकडे अशी परंपरा आहे का?

जनावरांच्या तोंडून राजकारण सांगणे आपल्याला नवे नाही. ‘पंचतंत्रा’तला दमनक हा कोल्हा सिंह आणि बैलाची मैत्री कानभरणीने तोडतो. पण दमनक फसवतो राजाला, स्क्विलर फसवतो प्रजेला. ‘पंचतंत्र’ राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी आहे. ऑर्वेल यांचे पुस्तक रांगेत उभ्या असलेल्यांसाठी आहे.

मराठीत विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ या वाटेवरचे. डिसेंबर १९७२ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते पुण्यात रंगमंचावर आले. सत्ता आपल्या सोयीसाठी एक घाशीराम उभा करते आणि गरज संपली की त्यालाच जमावाच्या हाती देते, हा त्याचा गाभा. आपले नाटक ऐतिहासिक नाही, असे तेंडुलकर सांगत राहिले, तरी वाद पेटला तो नाना फडणवीसांच्या चित्रणावरून. अलीकडे झिम्बाब्वेच्या नोव्हायोलेट बुलावायो यांनी रॉबर्ट मुगाबेंच्या पतनावर ‘ग्लोरी’ (२०२२) लिहिताना पुन्हा जनावरांचाच आधार घेतला.

आज ती कशी वाचावी?

ही कादंबरी जवळपास प्रत्येक राजकीय बाजू दुसऱ्या बाजूवर फेकत असते. विरोधकाला नेपोलियन आणि त्याच्या समर्थकांना मेंढ्या म्हणणे सोपे आहे. पण पुस्तकात जनावरांची फसवणूक शत्रूने केलेली नाही, त्यांच्या आवडत्या बाजूने केली आहे. म्हणून ते वाचायचे तर आपल्या बाजूकडे बघत वाचावे. आपल्या नेत्याने काल काय म्हटले होते, आज काय म्हणतो आहे, आणि मधल्या काळात शब्द कुणी बदलला?

‘बेंजामिन’ नावाच्या गाढवाला सगळे वाचता येत होते आणि सगळे कळतही होते. पण वाचण्यासारखे काही नसतेच, असे म्हणत तो गप्प राहिला. पहिल्यांदा जिवाच्या आकांताने ओरडला तो बॉक्सरला नेणारी गाडी निघाली तेव्हा. दूध नाहीसे झाले त्या संध्याकाळी मात्र कोणीच फार विचारले नव्हते.